सरांनी शिकवलेली चूक

सर आम्हांला जर्मन शिकवत, आणि त्यात एक चूक मुद्दाम शिकवत. बाकी सगळ्या बाबतींत ते इतके काटेकोर होते की नामाचं लिंग चुकलं तर पुढचं वाक्य ऐकूनच घेत नसत. हात वर करून थांबवत आणि आपण चूक सुधारेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसत. पण तास संपून आम्ही उठलो की दारापाशी प्रत्येकानं 'इश कोम्मे' म्हणायचं. म्हणजे 'मी येतो'. जर्मन माणूस निघताना असं कधी म्हणत नाही. तो 'इश गेहे' म्हणतो, मी जातो, आणि जातो. निघताना 'येतो' म्हणणं ही आपली रीत. ती तशीच उचलून जर्मनमध्ये ठेवली की समोरचा माणूस गोंधळतो. सरांना हे आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहत आणि 'इश कोम्मे' ऐकल्याशिवाय कोणाला बाहेर सोडत नसत. ऐकलं की म्हणत, "येणे."

हे 'येणे'सुद्धा त्यांचंच. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात सरांनी एकतीस वर्षं जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं केली होती. झाकण उघडणे. तेल तपासणे. गाळणी कोरड्या कापडाने पुसणे. एकतीस वर्षांत ती भाषा त्यांच्या तोंडात मुरली होती. चपला डाव्या हाताला ठेवणे. चहा निववून पिणे. फोन आला तर जिन्यात जाऊन बोलणे. रागातही तेच आणि मायेतही तेच, त्यामुळे सर रागावलेत की नाही हे पहिले काही महिने कळत नसे. मुलं मागून त्यांना 'मॅन्युअल' म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

पुस्तिकांमध्ये इशाऱ्यांच्या पायऱ्या असतात: सूचना, सावधान, धोका. सर जगातल्या सगळ्या गोष्टी या तीन पायऱ्यांवर बसवत. माझी आई मला परदेशी पाठवायला तयार नाही हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, सूचना. व्हिसाची मुलाखत, सावधान. मी विचारलं, आणि धोका कशाला म्हणायचं? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की सलग तीन दिवस कोणाशी एक शब्द न बोलता गेले आणि ते आपल्या लक्षातही आलं नाही, तर तो धोका.

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या आतल्या बाजूला जुन्या तीनमजली इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहत. गॅलरी काचा लावून बंद केलेली, तीत सहा स्टुलं आणि भिंतीवर एका पंपाचा मोठा तक्ता, मधोमध कापून आतले भाग दाखवलेला. आमचं सगळं व्याकरण त्या तक्त्यावर झालं. जर्मनमध्ये झाकण पुल्लिंगी, वॉशर स्त्रीलिंगी, कवच नपुंसकलिंगी. आजही कुठल्या नामाचं लिंग आठवेना की माझ्या डोळ्यांसमोर आधी तो पंप येतो.

मी भांडुपची. रसायनशास्त्रात पदवी घेतली होती आणि मला जुन्या कागदांचं जतन शिकायचं होतं: फाटलेली, कसर लागलेली, डिंकानं चिकटलेली पानं सोडवून पुन्हा वाचण्याजोगी करणं. जर्मनीच्या पूर्व भागातल्या एका लहान शहरात तो अभ्यासक्रम होता आणि तो सगळा जर्मनमध्ये होता. घाटकोपरला वातानुकूलित खोल्यांतले क्लास होते, त्यांच्या जाहिरातींत हसरी मुलं असत. पण आमच्या ओळखीतल्या एकांनी सांगितलं की मुलीला बोलायचंच असेल तर तिकडे घाल आणि वाचायचं असेल तर या माणसाकडे. मला वाचायचं होतं. बोलण्याची मला मराठीतही फार सवय नव्हती.

सरांच्या ते लगेच लक्षात आलं असावं. तिसऱ्याच रविवारी त्यांनी मला बाजारात पाठवलं. दिवसभर जर्मनखेरीज एकही शब्द बोलायचा नाही आणि अर्धा किलो गवार, एक मेथीची जुडी, चार लिंबं घेऊन यायचं. मी भाजीवाल्यासमोर उभी राहिले. मेथीचा जर्मन शब्द लांबलचक आहे, बॉक्सहॉर्नक्ले, तो मला 'बॉक्स'च्या पुढे म्हणता येईना. भाजीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "गुटन टाग. सरांची ना? बॉक्सहॉर्नक्ले संपली, पालक घे." मागच्या मुलाला हसू आवरेना. भाजीवाल्यानं वर सांगितलं की लिंबू स्त्रीलिंगी, त्याला 'डी' लावायचं, 'डेर' नाही, गेल्या रविवारची पोरगी चुकली होती.

पिशवी रिकामी करताना मी सरांना हे सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले की तिकडे असा भाजीवाला नसेल.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मालवणकडच्या. तास चालू असताना त्या आत स्वयंपाकघरात असत आणि त्यांचा चष्मा नेहमी कपाळावर असे. सर सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत, अगदी अठरा वर्षांच्या मुलालाही, कारण जर्मनमध्ये अनोळखी माणसाला 'तुम्ही'च म्हणतात आणि ती सवय अंगी बाणली पाहिजे. काकू सगळ्यांना 'गो' आणि 'रे' करत. दारातलं 'इश कोम्मे' झालं की आतून त्यांचा आवाज यायचा, "ये गो." रोज. म्हणजे आम्हांला दोनदा 'ये' म्हटलं जायचं, एकदा पुस्तिकेच्या भाषेत आणि एकदा माणसांच्या.

त्या चुकीबद्दल एका मुलानं सरांना समोरासमोर विचारलं होतं. तो आमच्यातला सर्वांत हुशार, इंजिनिअर, इंटरनेटवर बघून आलेला. म्हणाला, "सर, हे चुकीचं आहे ना?"

सर म्हणाले, "आहे."

"मग?"

"चूक करणे."

जिन्यात उतरताना तो वैतागून म्हणाला, "काय यार, तिकडे जाऊन आपली वाट लागणार. लोक हसणार ना." त्याचं खरं होतं. तिकडे गेलेली मुलं कळवत की सरांचे विद्यार्थी या एका चुकीवरून ओळखू येतात. एकानं इंटरनेटवर लिहिलं की हे गृहस्थ वयस्कर आहेत, जुनं जर्मन शिकवतात, निरोप घ्यायलाही चुकीचं शिकवतात. त्यानंतर वर्षभर दोन स्टुलं रिकामी राहिली. काकूंनी मला हे सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगितलं. सरांनी काही बदललं नाही.

शब्दांच्या बाबतीत ते एरवी असे निष्काळजी नव्हते. एखादा शब्द त्यांना आवडला तर त्याच्याशी दोन-दोन तास खेळत. 'वार्टन' हा त्यांतला एक. यंत्राच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ देखभाल करणे, तेलपाणी बघणे. कारखान्याबाहेर आला की त्याचाच अर्थ वाट पाहणे. सर फळ्यावर 'वार्ट' लिहीत आणि त्यावरचा रफार बोटानं पुसून 'वाट' करून दाखवत, की हा शब्द विसरणार नाही. विसरला नाही. यंत्राची देखभाल करणं आणि माणसाची वाट पाहणं याला त्या लोकांनी एकच क्रियापद ठेवलं, यात काहीतरी अक्कल आहे, असं ते म्हणत. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा खूश दिसले आणि मग एकदम फळा पुसायला लागले.

मंदारची गोष्ट मला काकूंनी सांगितली. सर झेरॉक्स काढायला खाली गेले होते आणि मी लवकर आले होते. काकू कोकमाची सोलं निवडत होत्या.

मंदार शेजारच्या इमारतीतला. माझ्या चार वर्षं आधी तो सरांकडे शिकला. घरचाच मुलगा, सर त्याला 'तू' म्हणत. सरांनी 'तू' म्हटलेला तो एकटाच. त्या काळात सर सगळ्यांना बरोबर शिकवत: निघताना 'इश गेहे'. पण मंदारच्या तोंडी 'इश कोम्मे' घट्ट बसलं होतं. त्याच्या आईनं लहानपणापासून 'जातो म्हणू नये, येतो म्हण' असं घोकून घेतलेलं. सरांनी दोन वर्षं त्याच्यामागे लागून ते सोडवलं. त्याला म्हणायचे की तू जर्मनीत जातो आहेस, तुझी आई नाही जात. तो तिकडे पोचल्यावर पहिल्याच फोनवर म्हणाला, सर, आता बरोबर म्हणतो.

पहिल्याच हिवाळ्यात एका शुक्रवारी दुपारी तो फिरायला म्हणून बाहेर पडला. गावामागे दगडाच्या जुन्या खाणी होत्या. बर्फात पाय घसरला, खाली गेला, पाय मोडला. फोन वर कडेलाच पडून राहिला. तो एका म्हाताऱ्या बाईच्या घरी भाड्यानं राहायचा. शनिवार-रविवार पुष्कळदा शेजारच्या शहरात मित्रांकडे असायचा, त्यामुळे तिला काही वाटलं नाही. रविवारी त्याच्या आईनं फोन केला, लागला नाही. परीक्षा असतील, असं वाटलं. म्हातारीनं सोमवारी पोलिसांना कळवलं. मंगळवारी तो सापडला. डॉक्टरांचं म्हणणं होतं की शनिवारी संध्याकाळपर्यंत तो जिवंत असावा.

पोलिसांचे कागद आले ते जर्मनमध्ये. मुलुंडमध्ये ते वाचणारा माणूस एकच. मंदारचे वडील पाकीट घेऊन सरांकडे आले आणि सरांनी त्या गॅलरीत, त्या पंपासमोर बसून चार पानांचं भाषांतर करून दिलं. दोन दिवस लागले. पुढे मंदारचे आईवडील घर बंद करून गावी गेले.

"पोरगो गेलो त्या दिसापासून ह्यांचा कशातच लक्ष नाय," काकू म्हणाल्या. "म्हणतत, मी त्येका जातो म्हणूक शिकवलंय. येतो म्हणालो असतो तर त्या बायेन वाट बघितल्यान असती."

सोलं निवडून झाली. खाली सरांच्या चपलांचा आवाज आला आणि काकूंनी विषय बदलला.

मला निघायला आठवडा राहिला तेव्हा सरांनी मला तासानंतर थांबवून घेतलं. त्यांच्या हातात मंदारच्या घरमालकिणीचा पत्ता होता. माझ्या शहरापासून गाडीनं दीड तासावरचं ते गाव. म्हणाले की पोलिसांच्या कागदात फक्त 'निरोप घेतला' असं आहे, शब्द दिलेला नाही. त्यांनी त्या बाईंना तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा फाडलं, कारण पत्रात हा प्रश्न विचारला की तो आरोप होतो. समोर बसून, दुसरं काही बोलता बोलता विचारता येईल. पण त्यासाठी भाषा तेवढी यायला हवी.

"घाई न करणे," ते म्हणाले. मग बराच वेळ पत्त्याच्या कागदाची घडी नीट करत राहिले. "फक्त तो शब्द हवा आहे. गेहे की कोम्मे. एवढंच."

माझ्या परदेशातल्या दिवसांबद्दल लोक विचारतात तेव्हा मी थंडी आणि ब्रेडबद्दल बोलते. खरं म्हणजे मला तिथे पहिले आठ आठवडे काहीच कळलं नाही. सरांचं जर्मन छापील होतं, प्रत्येक शब्द सुटा. तिथले लोक शब्दांचे शेवट गिळत. वर्गात मी फक्त तारखा आणि विशेषनामं टिपून घ्यायची आणि खोलीवर येऊन त्यांच्यामधली जागा पुस्तकांतून भरायची. मला झडप, दट्ट्या, दाबमापक यांना शब्द येत होते. उशीला येत नव्हता, चमच्याला येत नव्हता. सर्दी झाली तेव्हा डॉक्टरांना मी सांगितलं की माझं नाक गळतीरोधक राहिलेलं नाही. ते इतके हसले की त्यांनी बाहेरच्या नर्सला बोलावून मला पुन्हा म्हणायला लावलं. मीही हसले. खोलीवर येऊन दार लावलं आणि मग लक्षात आलं की त्या आठवड्यातलं ते माझं सर्वांत लांब संभाषण होतं.

'इश कोम्मे' मी सगळीकडे म्हणत होते. प्रयोगशाळेतून निघताना, दुकानातून निघताना. एकदा आमच्या मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात एक मुलगी सूप करत होती. मी तिला 'इश कोम्मे' म्हणून बाहेर पडले आणि ग्रंथालयात चार तास बसून परत आले, तर ती दोन वाट्या मांडून बसलेली, सूप गार, आणि चेहरा रागावलेला. मी माफी मागितली. समजावून सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. पण तो राग मला बरा वाटला, हेही सांगितलं पाहिजे. त्या शहरात कोणीतरी माझ्यासाठी चार तास थांबलं होतं.

ही गोष्ट मी सरांना फोनवर सांगितली. त्यांनी विचारलं, "वाट्या किती?" मी म्हटलं, दोन. "ठीक," ते म्हणाले, आणि फोन काकूंकडे दिला.

तो पत्ता माझ्या पाकिटात होता. पहिला हिवाळा गेला, वसंत गेला. प्रत्येक फोनच्या शेवटी सर थोडं थांबत, विचारत नसत. मी मनात तो प्रश्न जर्मनमध्ये जुळवून बघायची आणि दर वेळी तो आरोपच व्हायचा. माझ्या अभ्यासाची प्रगती मी गुणांवरून मोजत नव्हते. त्या एका प्रश्नापुरतं जर्मन मला आलं की नाही, एवढंच बघत होते. दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी एक दिवस तो प्रश्न मला न जुळवता सुचला आणि मी गेले.

म्हातारी ऐंशीच्या पुढची होती, पाठीत वाकलेली, पण कान तल्लख. मी मंदारच्या गावची, एवढं सांगितल्यावर तिनं मला आत घेतलं. त्याच्या खोलीत आता सफरचंदांच्या पेट्या होत्या, सगळ्या घराला तो वास होता. तिनं कॉफी केली. आम्ही आधी सफरचंदांबद्दल बोललो, मग तिच्या गुडघ्यांबद्दल. मला विचारावं लागलंच नाही. मी घड्याळ पाहिलं, गाडीची वेळ झाली होती, उठले आणि सवयीनं म्हणाले, "इश कोम्मे."

ती दारात थांबली. म्हणाली, "तोही हेच म्हणायचा."

मी पुन्हा बसले.

तिनं सांगितलं की तो राहायला आला त्या पहिल्याच आठवड्यात निघताना 'इश कोम्मे' म्हणाला, म्हणून ती दोन कप मांडून बसली. तो रात्री नऊला आला. फार ओशाळला. त्यानं तिला समजावलं की आमच्याकडे निघताना असंच म्हणतात. फोनवर माझ्या सरांना मी सांगतो की बरोबर बोलतो, पण दारात उभं राहिलं की तोंडातून हेच येतं. त्याचा अर्थ मी येतो आहे असा नसतो, मी जातो आहे असा असतो. मग ती शिकली. तो 'येतो' म्हणाला की तो गेला असं समजायचं. त्या शुक्रवारीही तो तेच म्हणाला. ती स्वयंपाकघरातून 'बरं, बरं' म्हणाली आणि तिनं स्वतःपुरता एकच कप काढला.

"मी वाट पाहिली नाही," ती म्हणाली. तिचे हात मांडीवर होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती. "तुमच्या भाषेत त्या शब्दावर वाट पाहायची नसते ना?"

माझ्या डोळ्यांसमोर भांडुपचं आमचं दार आलं, आईचा दाराशीच रेंगाळलेला हात आला, सरांच्या स्वयंपाकघरातून येणारं 'ये गो' आलं. मी तिला म्हणाले, नाही, आमच्याकडे त्या शब्दावर कोणी वाट पाहत नाही, ती नुसती बोलायची पद्धत आहे. जर्मनमधलं माझं ते पहिलं अडखळल्याशिवाय आलेलं लांब वाक्य. व्याकरणात एकही चूक नव्हती.

सरांना फोनवर सांगण्याची गोष्ट नव्हती ती. फेब्रुवारीच्या सुट्टीत मी घरी येणार होते. परतीच्या गाडीत आणि नंतरचे दोन महिने मी त्यावरच विचार करत होते. खरं सांगितलं तर सर सुटत होते: मंदारनं त्यांचं ऐकलंच नव्हतं, त्या शुक्रवारीही तो आपल्या आईचा शब्द बोलला होता. पण मग त्या शब्दानं काही झालं नाही हेही सांगावं लागणार होतं. इतकी वर्षं प्रत्येक मुलाला दारात अडवून, आपल्या नावाची बदनामी सोसून त्यांनी जी चूक वाटली, तिनं कोणाचं काही राखलं नसतं.

मी गेले तेव्हा सर पलंगावर होते. हृदय मोठं झालं होतं, पायांना सूज होती, उशाशी प्राणवायूचं यंत्र घरघरत होतं. त्या यंत्राच्या पुस्तिकेत त्यांनी पेन्सिलनं अकरा ठिकाणी खुणा केल्या होत्या आणि ती मला आधी वाचायला दिली. म्हणाले की मराठी भाषांतर भयंकर आहे, 'रुग्णास भिंतीपासून एक फूट लांब ठेवणे' असं छापलंय, ठेवायचं यंत्र. मी हसले. काकू चहा घेऊन आल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "काय ता सांग तेंका. झुलवत ठेवू नको."

सरांनी यंत्राकडे बघत विचारलं, "शब्द?"

"कोम्मे," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या छातीची हालचाल मी मोजत होते असं मला आठवतं. बऱ्याच वेळानं डोळे न उघडता ते म्हणाले, "मग?"

मी म्हटलं की मग तिनं वाट पाहिली. दोन कप मांडून बसली होती. रात्री तिनं फोन केले, पण त्या रात्री बर्फ इतका पडत होता की शोधायला कोणी बाहेर पडू शकलं नाही. कोणाच्या हातात काही नव्हतं, सर.

मी बोलत असतानाच त्यांचा हात चादरीवरून उठला. लिंग चुकल्यावर उठायचा तसा. मी थांबले. ते खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या इमारतीत कोणीतरी गोधड्या वाळत घालत होतं. मी सुधारून सांगेन म्हणून ते थांबले होते, आणि मी काही बोलले नाही.

"भाषांतर चुकलंय तुझं," ते म्हणाले.

ते मला 'तू' म्हणाले, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"असू दे," ते म्हणाले. "चहा निवला. पिणे."

मी चहा प्यायले. दारापाशी आल्यावर 'इश कोम्मे' म्हणाले. यंत्राच्या आवाजातून त्यांचं 'येणे' ऐकू आलं आणि मागून काकूंचंही.

ते एप्रिलमध्ये वारले. काकूंचा निरोप आला तेव्हा मी प्रयोगशाळेत एका जुन्या नोंदवहीवरचा डिंक ओल्या कापसानं सोडवत होते. हातातलं काम अर्धवट टाकता येत नाही, कागद सुकतो. ते पान पूर्ण सोडवून मग मी बाहेर गेले. निघताना शेजारच्या टेबलावरचीला मी काहीच म्हणाले नाही, ना येते ना जाते.

ऑगस्टमध्ये मी काकूंना भेटायला गेले. गॅलरीत सहाही स्टुलं एकात एक घालून कोपऱ्यात ठेवली होती. पंपाचा तक्ता जागेवर होता. काकूंनी सरांची वही माझ्या हातात दिली. तुझ्यासाठी काढून ठेवायला सांगितली होती, म्हणाल्या. आम्हां सगळ्यांना जिच्या झेरॉक्स मिळत तीच ही मूळ वही. तीत चार पानांचं ते भाषांतर घडी घालून ठेवलेलं होतं, निळ्या शाईत, सरांच्या नेहमीच्या आखीव अक्षरात. मी ते पहिल्यांदाच वाचत होते. तिसऱ्या पानावर होतं: 'घरमालकिणीच्या जबाबानुसार विद्यार्थ्याने शुक्रवारी दुपारी सुमारे दोन वाजता निरोप घेतला. तिने सोमवारपर्यंत त्याची वाट पाहिली नाही.'

ते वाक्य त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं. मी दोन कपांची गोष्ट सांगत होते तेव्हा ते त्यांना पाठ असणार.

वहीतला शेवटचा धडा 'निरोप'. झेरॉक्समध्ये तिथे एक काळपट चौकोन दिसायचा, तो का हे आता कळलं. मूळ ओळीवर पट्टी चिकटवली होती. पान उजेडाकडे धरलं की खालची ओळ वाचता येत होती: 'इश गेहे, मी जातो'. पट्टीवर: 'इश कोम्मे, मी येतो'. आणि तिच्यावर आणखी एक पट्टी होती, नवी, वेडीवाकडी कापलेली, डिंक कडेनं बाहेर आलेला. अक्षर थरथरत होतं. असल्या पट्ट्या कागदाला इजा न करता काढायला मी शिकले आहे. ही मी काढणार नाही.

काकूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वही डोळ्यांजवळ नेली, पुन्हा माझ्याकडे दिली. बारीक आहे, दिसत नाही, काय लिहिलंय ते वाच, म्हणाल्या.

मी वाचलं: "जाणाऱ्याने काहीही म्हणावे. राहणाऱ्याने वाट पाहणे."

काकूंनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला.

"ही काय लिवन ठेवची गोष्ट?" त्या म्हणाल्या.